सोलापूरच्या हवेत लाकडी वाडगा तडकू द्यायचा नसेल तर

लेथवर, म्हणजे लाकूड गोल फिरवत कापायच्या यंत्रावर, वाडगा काढायला एक दुपार पुरते, पण आपल्याकडं तो न तडकता वाळवणं हेच खरं काम आहे. मार्च लागला की सोलापूरची हवा इतकी कोरडी होते की बाभळीचा ओला ओंडका नुसता उघडा ठेवला तरी कापलेल्या तोंडावर चिरा पडतात, माझे पहिले तीन वाडगे असेच गेले.

तर ओंडका आणल्या आणल्या दोन्ही तोंडांना मेण नाहीतर जाड फेविकॉल फासायचा. बाभूळ, कडुनिंब, चिंच काहीही चालतं, फक्त ओंडका उभा चिरून मधला गर (अगदी मधोमधचा मऊ बारीक गाभा) काढून टाका, चीर बहुतेक तिथूनच सुरू होते.

मग फेसप्लेट (लाकूड लेथला धरून ठेवणारी लोखंडी चकती) चांगल्या जाड स्क्रूनं घट्ट बसवा, आधी हातानं एक फेरा फिरवून कुठं अडकत नाही ना बघा, आणि १० इंची ओबडधोबड तुकडा असेल तर ४००-५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) वर जाऊ नका. फेसशील्ड पाहिजेच, बाह्या वर, गळ्यात काही लोंबतं नको. बाऊल गाऊजच (लेथवर वाडगा कोरायची खास पटाशी) वापरा, सुताराची गोल पटाशी लेथवर लावायची नाही, ती अडकली की मोडून अंगावर येते. बाहेरून बुडाकडनं काठाकडं आणि आतून काठाकडनं मध्याकडं कापत या, म्हणजे लाकडाच्या रेषा उपटत नाहीत.

आता महत्त्वाचं. पहिल्या वेळी पातळ करायचाच नाही! १० इंचाला भिंत १ इंच ठेवा, सगळीकडं सारखी, आणि त्याच्याच ओल्या भुश्शासकट कागदी पिशवीत घालून घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा, पत्र्याखाली किंवा फॅनखाली अजिबात नको. दर रविवारी किचनच्या काट्यावर वजन करून पिशवीवरच लिहायचं, वजन उतरायचं थांबलं की वाळला, त्याला काही महिने लागतात आणि तेवढा धीर धराच. तोवर तो थोडा लांबट झालेला असतो, ती जाडी त्यासाठीच ठेवलेली. आता परत लावून गोल करा, पाहिजे तेवढा पातळ करा.

पॉलिश पेपर ८० पासून ३२० पर्यंत, मधला नंबर गाळू नका, कडुनिंबाची धूळ नाकाला झोंबते तर मास्क लावा. शेवटी जवसाचं तेल पातळ चोळून जादाचं पुसून घ्या, शेंगतेल नको, ते वाळत नाही, चिकट राहतं. आणि तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात, अंगणात एकेक पसरून पूर्ण वाळवा मगच टाका.