जपानी पक्ष्यांची जुनी चित्रपुस्तकं घेताना या चुका टाळा

माझ्या पहिल्याच जपानी पुस्तकाचं एक पान मी सुरीने चिरलं. प्रत्येक पान बाहेरच्या कडेला जोडलेलं, आत पोकळ; मला वाटलं, कापायची राहून गेली. पण ती बांधणीच तशी असते. पातळ कागद एकाच बाजूने छापायचा, मधोमध दुमडायचा आणि मोकळ्या कडा पाठीकडे दोऱ्याने शिवायच्या. घडी कापली की पुस्तकाची किंमत उतरलीच. वर चिकटपट्टी लावलीत तर कायमचा डाग.

गंमत म्हणजे खरं-खोटं ओळखायला हीच पोकळी उपयोगी पडते. पान न ताणता वरच्या तोंडातून बॅटरीचा उजेड टाका. रंग लावलेल्या लाकडी ठशावर कागद ठेवून मागून 'बारेन' नावाच्या चपट्या गोल साधनाने घासतात. तो रंग कागदात मुरून मागे उमटतो, कधीकधी घासल्याच्या रेघाही दिसतात. मागची बाजू कोरी आणि भिंगाखाली रंगांचे ठिपके दिसले, तर ती यंत्रावरची नक्कल.

सगळ्यात महागात पडते ती सालाची चूक. चित्रकार कोनो बाइरेई यांचा शंभर पक्ष्यांचा चित्रसंग्रह १८८१ चा, म्हणजे मेइजी या जपानी सम्राटाच्या कालगणनेतलं १४ वं साल (मेइजी सालात १८६७ मिळवायचे). पण शेवटच्या पानावरचं साल छापलं म्हणून प्रत त्याच साली निघाली असं नाही. ठसे टिकतात, पुढेही त्यांवरून छपाई होते. म्हणून साल नंतर बघा, आधी रेषा बघा: पिसांच्या बारीक रेषा तुटक किंवा जाडसर असतील तर ठसा झिजलेला. पांढऱ्या पिसांवर बिनशाईचा उठाव (शाई न लावता कागद दाबून उठवलेली नक्षी) आहे का, तेही तिरप्या उजेडात पाहा. घाईच्या छपाईत आधी त्यालाच फाटा मिळतो.

खंड मोजून घ्या. बाइरेईंचे तीन, शिवाय १८८४ ची पुरवणी वेगळी. चित्रकार इमाओ केइनेन यांच्या फुलं-पक्ष्यांच्या संग्रहाचे चार, ऋतूंप्रमाणे. नुसता 'वसंत' घेतलात तर प्रकाशनाची माहिती असलेलं शेवटचं पान बहुधा मिळणारच नाही.

'फाउना जापोनिका' या जपानी प्राण्यांवरच्या युरोपीय ग्रंथाला मात्र ही बारेनची कसोटी लावू नका. त्यातला पक्ष्यांचा भाग १८४४ ते १८५० दरम्यान नेदरलँड्समधल्या लायडनहून निघाला. चित्रं शिळाछापाची, रंग हाताने भरलेले.

आणि पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका. आत दमट राहिलं की बुरशी धरते, खळीच्या वासावर कसर येते.