डेलावेअर नदी आणि परराज्यात मासेमारीचं लायसन्स: माझा अनुभव

मेहुणा फिलाडेल्फियाचा, म्हणजे पेनसिल्व्हेनिया राज्यातला, आम्ही शेजारच्या न्यू जर्सीचे. एप्रिलात आमच्या बाजूच्या लॅम्बर्टव्हिलला डेलावेअर नदीत शॅड मासा धरायचा बेत ठरला (आपल्या पाल्याचा भाऊबंद, काटेही तेवढेच!). गळाच्या दुकानदाराने मेहुण्याला सरळ न्यू जर्सीचं परराज्यवाल्यांसाठीचं वार्षिक लायसन्स सांगितलं, 34 डॉलर. मी नियमपुस्तिका उघडली. या दोन राज्यांच्या मधल्या नदीत दोन्हींपैकी कुठल्याही एका राज्याचं लायसन्स चालतं, काठ कुठलाही असो. त्याच्याकडे पेनसिल्व्हेनियाचं होतंच. प्रश्न मिटला!

पण स्वारीला पायवाटेपलीकडच्या कालव्यातही गळ टाकायचा होता. तिथे मात्र न्यू जर्सीचंच लागतं. मग 7 दिवसांचं काढलं, 19.50 डॉलरचं. ट्राउट मासा धरायचा तर त्याचा स्टॅम्प (जादा परवाना) वेगळा, परराज्यवाल्यांना आणखी 20 डॉलर. तो नाही घेतला, सनफिश माशांवर भागवलं.