असमानतेचा आलेख: छटा नेमकी कोणत्या बाजूला?

दोन चलांतल्या रेषीय समीकरणाच्या उकली एका रेषेवर असतात. असमानतेच्या उकली म्हणजे त्या रेषेच्या एका बाजूचं सगळं प्रतल. रेषा काढायला कुणालाही जमते. बाजू निवडताना मात्र हुशार मुलंही चुकतात, आणि बहुतेक वेळा ती त्यांना पाठ करायला लावलेल्या नियमामुळेच चुकतात.

उदाहरण घेऊ: २क्ष − ३य < ६.

१. रेषा. चिन्हाच्या जागी ‘=’ धरा. क्ष = ० तर य = −२; य = ० तर क्ष = ३. (०, −२) आणि (३, ०) जोडा.

२. तुटक की सलग. < किंवा > असेल तर तुटक, ≤ किंवा ≥ असेल तर सलग. इथे तुटक, म्हणजे रेषेवरचे बिंदू उत्तरात नाहीत.

३. बाजू. इथे घाई करू नका. ‘मोठं असेल तर वर, लहान असेल तर खाली’ हा नियम मीही पाठ केला होता आणि त्याच्या भरवशावर कितीतरी गणितं चुकवली होती. आपल्याच उदाहरणात < आहे म्हणून खाली छटा दिलीत, तर उत्तर पूर्ण उलटं येईल. कारण य चा सहगुणक ऋण आहे. य एकटा करायला −३ ने भागावं लागतं आणि ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं: य > (२/३)क्ष − २. म्हणजे छटा वर. तो नियम लागू होतो य फक्त डावीकडे आणि त्याचा सहगुणक धन असताना. नियम सगळे सांगतात, ही अट मात्र क्वचितच कुणी सांगतं. शिवाय क्ष ≥ ३ सारख्या उभ्या रेषेला ‘वर’ आणि ‘खाली’ नसतंच.

म्हणून चिन्हाकडे पाहून बाजू ठरवूच नका. रेषेवर नसलेला एक बिंदू घ्या आणि त्याचे निर्देशक असमानतेत घाला. (०, ०) घेतला तर ० < ६, हे खरं. मग आरंभबिंदू ज्या बाजूला आहे, ती पूर्ण बाजू उत्तरात येते. विधान खोटं ठरलं असतं तर पलीकडची. किमती मूळ असमानतेतच घाला. मांडणी बदलताना चिन्ह चुकलं असेल, तर बदललेल्या रूपात केलेली तपासणी तीच चूक बरोबर ठरवते.

एकाच बिंदूवरून सगळी बाजू कशी ठरते? रेषेवर २क्ष − ३य ची किंमत नेमकी ६ असते. बिंदू सरकवत नेला की ही किंमत सलग बदलते. ६ पेक्षा कमी असलेली किंमत ६ पेक्षा जास्त व्हायची तर वाटेत ६ लागणारच, म्हणजे रेषा ओलांडावीच लागणार. न ओलांडता सगळे बिंदू एकाच गटात राहतात.

एका ठिकाणी फार सांभाळा. क्ष > २य ची रेषा आरंभबिंदूतूनच जाते. तिथे (०, ०) घातला तर ० > ०, म्हणजे खोटं; पण त्यावरून बाजू कळत नाही, कारण तो बिंदू कुठल्याच बाजूला नाही. (१, ०) घ्या: १ > ०, खरं. स्थिर पद नसेल तर आरंभबिंदू वापरायचा नाही.

४. दोन असमानता एकत्र. सोबत क्ष + य ≤ ४ ही असमानता दिली आहे असं समजा. दोन्ही बाजू गडद रंगवल्या की सामाईक भाग दिसेनासा होतो. प्रत्येक रेषेवर योग्य बाजूकडे छोटे बाण काढा आणि छटा फक्त सामाईक भागाला द्या. या दोन रेषा (३.६, ०.४) मध्ये छेदतात. तो बिंदू उत्तरात नाही, कारण एक रेषा तुटक आहे. तिथे पोकळ वर्तुळ काढा. हा बारकावा पुढे रेषीय नियोजनात, म्हणजे अशा अटी पाळून एखाद्या राशीची सर्वांत मोठी किंवा लहान किंमत शोधताना, महत्त्वाचा ठरतो. गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांची १९४७ ची सिम्प्लेक्स पद्धत अशाच क्षेत्राच्या एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर जात ही किंमत शोधते. कोपराच उत्तरात नसेल, तर ती किंमत तिथे मिळतच नाही.

कधी सामाईक भाग नसतोच. क्ष + य ≤ २ आणि क्ष + य ≥ ५ यांच्या रेषा समांतर आहेत आणि बाण एकमेकांपासून दूर जातात. तिथे ओढूनताणून छटा देऊ नका, ‘उकल नाही’ असं लिहा.