वीस-पंचवीस जणांच्या कुटुंबाची थीम पार्क सहल कशी आखावी

कोकणातले कुटुंब आता एका घरात राहत नाही. थोरले काका गावी बाग सांभाळतात, मधले डोंबिवलीला असतात, आत्या चिपळुणात आणि धाकटे काका पुण्यात. गणपतीला आणि शिमग्याला सगळे एकत्र येतात खरे, पण ते दिवस देवाचे आणि पाहुण्यांचे असतात, आणि घरातल्या बायकांचा बहुतेक वेळ स्वयंपाकघरातच जातो. म्हणूनच ज्या दिवशी कोणालाच रांधावे लागणार नाही आणि आजीपासून बालवाडीतल्या नातवापर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी येईल, अशी एखादी सहल कुटुंबाने जरूर काढावी. २०१३ मध्ये सुरू झालेले खोपोलीजवळचे इमॅजिका हे थीम पार्क त्यासाठी सोयीचे आहे, कारण ते रायगड जिल्ह्यातच, मुंबई, पुणे आणि दक्षिण कोकण या तिघांना गाठता येईल अशा ठिकाणी आहे.

अशा सहलीत ओढाताण होते ती बहुधा एका समजुतीमुळे: सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच फिरले पाहिजे. पंचवीस माणसे एका रांगेत उभी केली, तर तरुण कंटाळतात, मुले रडतात आणि वडीलधारी मंडळी दिवसभर पिशव्या राखत बाकावर बसून राहतात. दिवसातले दोन-तीन प्रसंग सर्वांनी मिळून अनुभवावेत आणि बाकीचा वेळ गटागटांनी घालवावा, हे घरच्या सर्वांना आधीच सांगून ठेवावे आणि पुढची सगळी आखणी त्याच बेताने करावी.

पहिली पायरी: तारीख

शाळेच्या सुट्ट्या पाहून तारीख ठरवणे शहरात चालते. गावच्या घराला मात्र शेती, बाग आणि देवस्थान यांचे वेळापत्रक असते. मार्चपासून मेपर्यंत आंब्याची काढणी, पेट्या भरणे आणि माल पाठवणे चालू असते. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मिरग लागतो आणि मग लावणीची घाई असते. भाद्रपदात गणपती, दसरा-दिवाळीच्या सुमारास भातकापणी आणि झोडणी, आणि कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात. थोरल्या काकांना विचारल्याशिवाय मुंबईकरांनी परस्पर तारीख धरली, तर काका नाही म्हणणार नाहीत, पण त्यांचे मन बागेतच राहील.

या सगळ्यातून दोन मोकळ्या जागा निघतात. एक म्हणजे दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दिवस, भाऊबीज उरकून आणि कापणी आवरून झाल्यावर. दुसरी म्हणजे मे महिन्याची अखेर, जेव्हा आंबा संपत आलेला असतो आणि सुट्टीला आलेले चाकरमानी तसेही परत निघालेले असतात. त्यांच्या परतीच्या वाटेवरच सहल बसवता येते. माझा कौल दिवाळीनंतरच्या दिवसांना आहे. मेमध्ये खोपोलीच्या परिसरात, घाटाच्या पायथ्याशी, ऊन आणि दमटपणा दोन्ही असतात, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसांना तो दिवस जड जातो. मेच घ्यावा लागला, तर त्या दिवशी इमॅजिकाच्याच वॉटर पार्कला प्राधान्य द्यावे. कोणताही महिना असो, शनिवार-रविवार टाळून मंगळवार किंवा बुधवार धरल्यास रांगा बऱ्याच आखूड मिळतात.

तारखेबरोबरच घर कोण राखणार हेही ठरवावे. गुरांचे चारापाणी आणि देवाची पूजा यांसाठी शेजारी किंवा वाडीतले कोणी विश्वासाचे माणूस आधीच सांगून ठेवावे. ज्या घरात दर वेळी एकच काकू किंवा वहिनी मागे राहते, त्या घराने या वेळी तरी तिच्यासाठीच ही व्यवस्था करावी.

दुसरी पायरी: वही

शंभर पानी वहीत प्रत्येक माणसासाठी एक ओळ आखावी: नाव, वय, गाडी लागते का, कोणती औषधे चालू आहेत, चालण्याचा त्रास आहे का, आणि मुलांच्या बाबतीत उंची. उंचीचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. अनेक पार्कांत बालतिकीट वयावर नव्हे, तर उंचीवर ठरते, आणि मोठ्या राइडवर बसू देण्याचा निकष तर उंचीच असतो. माजघराच्या दाराच्या चौकटीला टेकवून, चपला काढून, डोक्यावर पट्टी आडवी धरून, पेन्सिलीने खूण करावी आणि टेपने मोजावे. पार्कच्या संकेतस्थळावर राइडनिहाय उंची दिलेली असते. तिच्याशी ताडून पाहिल्यावर कोणाला कुठे बसता येणार नाही ते घरीच कळते. दोन बोटांनी कमी पडणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाला हे ओटीवर समजावून सांगता येते. पाऊण तास रांगेत उभे राहिल्यावर, आपल्याच चुलतभावंडांसमोर, त्याला माघारी पाठवले गेले तर ते दुःख तो फार काळ विसरत नाही.

हृदयविकार, रक्तदाब, पाठीचे किंवा मानेचे दुखणे असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी वेगवान राइडवर बसू नये, अशी सूचना पार्क स्वतःच देतात. वहीत ही नावे आधीच अधोरेखित असली, की आयत्या वेळी आग्रह होत नाही. मधुमेह असलेल्यांच्या नावापुढे जेवणाची वेळ लिहावी, कारण संपूर्ण गटाच्या जेवणाची वेळ तिच्यावरून ठरवायची आहे.

तिसरी पायरी: पैसे

पैशाचे बोलणे पहिल्याच बैठकीत आणि मोकळेपणाने करावे. माणशी समान वर्गणी वरवर न्याय्य दिसते. पण पाच माणसांचे बागायतदार घर आणि दोघे कमावणारे तिघांचे शहरी घर यांच्यावर तिचा भार सारखा पडत नाही. प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च माणशी वाटावा, पार्कची तिकिटे ज्याने त्याने घ्यावीत, आणि आजी-आजोबांचा खर्च सर्व भावंडांनी मिळून उचलावा, ही विभागणी बहुतेकांना पटते. ज्यांना राइडवर बसायचेच नाही, त्यांच्यासाठी काही वेगळे तिकीट आहे का, हे पार्कला फोन करून विचारावे. गटासाठीची सवलतही तेव्हाच विचारावी. तिकिटाचे दर दिवसागणिक बदलत असल्याने तारीख पक्की होताच ऑनलाइन तिकिटे काढून टाकावीत, मात्र तारीख बदलण्याच्या आणि रद्द करण्याच्या अटी आधी वाचाव्यात. रक्कम एकाच्याच खात्यात जमा व्हावी आणि हिशेब दुसऱ्याने लिहावा.

चौथी पायरी: प्रवास

मुंबई-पुण्याची मंडळी परस्पर पार्कला येऊ शकतात. खरा प्रश्न गावाकडून येणाऱ्यांचा असतो, आणि त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत.

रेल्वेने यायचे तर पनवेलला उतरून पुढे ठरवलेल्या गाडीने खोपोलीकडे जावे. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. पूर्वीची १२० दिवसांची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून कमी झाली आहे, हे जुन्या सवयीने चालणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, म्हणून बारा माणसांसाठी दोघांनी दोन ठिकाणांहून एकाच वेळी आरक्षण करायला बसावे. रात्रीच्या गाडीत ज्येष्ठांना खालचा बर्थ हवा असेल, तर त्यांचे तिकीट वेगळे काढावे: खालच्या बर्थचा ज्येष्ठांसाठीचा कोटा, ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांनी एकट्याने किंवा दोघांनीच तिकीट काढले असता मिळतो. सहा जणांच्या तिकिटात आजीचे नाव घातले, की तो हक्क जातो. रेल्वेची ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा खर्चात पूर्ण भाडेच धरावे.

गाडीने यायचे तर मुंबई-गोवा महामार्गाने माणगाव, कोलाड ओलांडून वाकण फाट्याला उजवीकडे वळावे आणि पालीमार्गे खोपोलीचा रस्ता धरावा. इमॅजिका याच खोपोली-पाली रस्त्यावर आहे. पेण-पनवेलपर्यंत जाऊन मागे फिरण्याचे कारण नाही. या वाटेवर पालीचा बल्लाळेश्वर लागतो, आणि खोपोलीच्या बाजूला महडचा वरदविनायक आहे. अष्टविनायकांपैकी दोन दर्शने एकाच फेरीत होतात, त्यामुळे ‘त्या पाळण्यात बसायला मी कशाला येऊ’ असे म्हणणारी आजीही उत्साहाने तयार होते. (हे महड खालापूर तालुक्यातले, ड्रायव्हरने रायगडाजवळचे महाड समजू नये म्हणून नाव नीट सांगावे.) पालीजवळ उन्हेरे येथे गरम पाण्याची कुंडेही आहेत, पण ती परतीसाठी ठेवावीत.

सोळा-सतरा माणसांपर्यंत टेम्पो ट्रॅव्हलर पुरतो. त्याहून जास्त असतील तर एसटी महामंडळाची गाडी प्रासंगिक करारावर, म्हणजे पूर्ण गाडी भाड्याने, घेण्याची चौकशी आगारात करावी. माणसे थोडी असतील तर नेहमीच्या एसटी फेरीने येणेही वाईट नाही, कारण तिथे महिलांना अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे, आणि ७५ वर्षांवरील प्रवाशांना पूर्ण सवलत; ओळखपत्र मात्र जवळ हवे. गाडी लागणाऱ्यांना पुढच्या आसनांवर बसवावे आणि डॉक्टरांनी सांगितलेली गोळी निघण्यापूर्वी द्यावी. गाडी कोणतीही असली, तरी रात्रभर प्रवास करून सकाळी थेट पार्कच्या दारात उतरण्याचा बेत करू नये. आदल्या दिवशी दुपारी निघावे, पालीला किंवा खोपोलीला मुक्काम करावा आणि झोप झालेली माणसे पार्कात न्यावीत. एका रात्रीचे भाडे वाचवण्यासाठी मुलांचा आणि म्हाताऱ्यांचा सगळा दिवस पेंगण्यात घालवणे मला अजिबात पटत नाही.

मुक्कामासाठी खोल्या निवडताना तळमजला, कमोड आणि गरम पाणी या तीन गोष्टी फोनवर विचाराव्यात.

पाचवी पायरी: गट आणि पिशव्या

पार्कात शिरण्यापूर्वी तीन गट पाडावेत. पहिला वेगाची आवड असलेल्यांचा, म्हणजे ज्यांना नायट्रोसारख्या रोलर कोस्टरवर बसायचे आहे त्यांचा. दुसरा लहान मुलांचा आणि त्यांच्याबरोबरच्या दोन-तीन मोठ्यांचा. तिसरा निवांत गट, ज्यात वडीलधारी आणि राइडला न बसणारी मंडळी असतील. प्रत्येक गटाला एक प्रमुख असावा आणि त्याच्या खिशात गटातल्या सर्वांची नावे व फोन नंबर लिहिलेला कागद असावा. लहान मुलांच्या खिशातही आईवडिलांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. वॉटर पार्कात फोन लॉकरमध्ये जातात, म्हणून भेटीची वेळ आणि जागा घड्याळावर ठरलेली हवी: उदाहरणार्थ, बारा वाजता जेवणाच्या ठिकाणी आणि पाच वाजता प्रवेशद्वाराजवळ.

निवांत गटाला बसवून ठेवू नये. ‘आय फॉर इंडिया’सारख्या कार्यक्रमात खुर्चीत बसून देश आकाशातून पाहिल्याचा अनुभव मिळतो, आणि ज्या आजीने चारधाम फक्त कॅलेंडरवर पाहिले तिला तो विलक्षण वाटतो. राइडच्या कर्मचाऱ्याला विचारून ज्येष्ठांना शक्य ते सर्व दाखवावे, आणि चालण्याचा त्रास असल्यास चाकाची खुर्ची प्रवेशद्वारापाशीच मागून घ्यावी. लाजण्याचे त्यात काही नाही.

पिशव्या राखण्याचे काम तासातासाने बदलावे आणि त्याची पाळी वहीत लिहावी. हे मी आग्रहाने सांगतो, कारण न सांगता हे काम नेहमी घरातल्या थोरल्या वहिनींकडे किंवा आत्याकडे जाते, आणि त्या हसतमुखाने ‘तुम्ही जा, मी बसते’ असे म्हणतात. त्यांचेही तिकीट काढलेले असते. तान्ह्या मुलाच्या आईवडिलांनीही आळीपाळीने राइड घ्याव्यात. एकाने बसून आल्यावर दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता बसू देतात का, हे तिथे विचारावे.

सहावी पायरी: खाणे आणि कपडे

बाहेरचे पदार्थ बहुतेक पार्कांत आत नेऊ देत नाहीत, तेव्हा घरचे खाणे प्रवासासाठी करावे. ओल्या खोबऱ्याचे वाटण घातलेली उसळ दुपारपर्यंत आंबते, म्हणून ती नको. दशम्या, सुक्या खोबऱ्याची चटणी, लोणचे आणि सांजोऱ्या टिकतात. बाळाचे अन्न आणि औषधे यांना परवानगी असते का, हे आधी विचारून ठेवावे आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्यावी. पार्कात सर्वांनी जेवणासाठी एकाच वेळी जायचे तर बारा वाजताच जावे, कारण एकनंतर टेबले मिळत नाहीत. मधुमेह असलेल्यांनाही लवकर जेवणे बरे पडते.

वॉटर पार्कात सुती कपडे, साडी किंवा सलवार घालून पाण्यात उतरू देत नाहीत. नायलॉनचा पोशाख लागतो. घरातल्या बायकांना हे आधीच सांगावे आणि अंगभर असलेले पोशाख चिपळूण-रत्नागिरीच्या बाजारातून निवडून घ्यावेत. आयत्या वेळी भाड्याने मिळणारे कपडे मापाचे नसले, की संकोचाने अनेक जणी काठावरच थांबतात. थीम पार्क आणि वॉटर पार्क यांची तिकिटे वेगळी असतात. दोन्ही एका दिवसात कोंबू नयेत.

सातवी पायरी: प्रत्यक्ष दिवस आणि हिशेब

दार उघडण्यापूर्वी अर्धा तास पोहोचावे. आत शिरताच सगळी गर्दी पहिल्या राइडकडे वळते, म्हणून वेगवान गटाने सर्वांत लोकप्रिय राइड आधी गाठावी आणि मुलांच्या गटाने पार्कच्या मागच्या टोकापासून सुरुवात करावी. सर्वांनी मिळून घ्यायची एक राइड आणि एक फोटो, एवढे जेवणानंतर उरकावे. संध्याकाळपर्यंत निम्मी मुले दमलेली असतात. रात्री लगेच महामार्गाला न लागता आणखी एक मुक्काम करावा.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला, मुंबईची आणि गावची गाडी वेगळ्या वाटेला लागण्यापूर्वी, ज्याने हिशेब लिहिला त्याने तो सर्वांसमोर वाचून दाखवावा. पावत्या वहीतच टाचून ठेवाव्यात. उरलेली रक्कम तिथेच वाटून टाकावी. पुढच्या सहलीसाठी राखायची असेल, तर ती कोणाकडे राहील हे ठरवून वहीत तशी नोंद करावी आणि दोघांच्या सह्या घ्याव्यात.