गौताळ्यात मुक्काम करायचाय? मग हे बघा
गौताळा हे 1986 पासून अभयारण्य आहे, त्यामुळं वाटलं तिथं तंबू ठोकला असं चालत नाही, आधी वनखात्याची परवानगी काढा अन् ते सांगतील तिथंच थांबा. सामान जवळच्या कन्नड गावातच भरून घ्या, पाणी जरा जास्तीचं. खाण्याचं मात्र नीट ऐका, इथं बिबट्या, अस्वल दोन्ही हायेत पण आम्हाला लुटलं ते वानरांनी, धपाटे अन् शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी झाडाला टांगलेली, सकाळी उठून बघतो तर खाली नुसता तेलकट फडका. जेवण गाडीत लॉक करा. चूल, शेकोटी नकोच, वाळलेलं गवत भडकन पेटतं. रात्री लघवीला एकट्यानं जायचं नाही, टॉर्च अन् जोडीदार पाहिजेच, लाजू नका.