कॉटरी मशीन कापत नसेल तर आधी काय बघायचं

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, कॉटरी (विजेच्या करंटने टिश्यू कापणारं मशीन) कापत नाहीये म्हटलं की पहिला हात पॉवर वाढवायला जातो, तेच करू नका. रोज ३० वॉटवर चालणारं मशीन आज ६० मागतंय म्हणजे करंट कुठेतरी अडतोय, बहुतेक वेळा पेशंट प्लेटपाशी, म्हणजे करंट परत मशीनकडे नेणारी जी प्लेट पेशंटच्या अंगाला चिकटवतात तिथे. चादर उचलून हात लावून बघा, कडा सुटलीय का, खाली केस आहेत का, स्पिरिट ओलं राहिलंय का. सुटलेली प्लेट परत दाबून चिकटवायची नाही, नवीनच लावायची, मांडीसारख्या मांसल जागी पूर्ण टेकेल अशी, कारण टेकलेला भाग कमी झाला की तेवढ्याशा जागेतून सगळा करंट जातो आणि पेशंट भाजतो, आणि भूल दिलेला माणूस सांगणार कसा हो?

प्लेट ठीक आहे तर पेन्सिल (सर्जनच्या हातातलं कापायचं पेन) बदलून बघा, मग फूटस्विच. वायर प्लगच्या तोंडाशी आतून तुटते, बाहेरून अगदी चांगली दिसते, मी आधी तिथेच बघतो. बायपोलरला, म्हणजे चिमट्याच्या दोन टोकांमध्येच करंट फिरतो त्या प्रकाराला, प्लेट लागत नाही, त्यामुळे बायपोलर चालतंय आणि मोनोपोलर (पेन्सिल आणि प्लेटवालं) नाही म्हणजे बहुधा प्लेट किंवा पेन्सिलच. झाकण मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो, ते काम बायोमेडिकलवाल्यांचं, म्हणजे हॉस्पिटलची मशीनं दुरुस्त करणाऱ्यांचं.