घरची स्टेन्सिल: एसएमडीच्या कामाला सुरुवात करणाऱ्यांसाठी

डिप्लोमा करून बीड, परभणीकडून छत्रपती संभाजीनगरात आलेली मुलं वाळूज-चिकलठाण्यात नोकरी शोधताना मला हमखास विचारतात, "दादा, एसएमडीचं काम शिकायला काय काय घेऊ?" एसएमडी म्हणजे बोर्डाला भोक न पाडता त्याच्या पृष्ठभागावरच जोडायचे बारीक भाग. बहुतेकांनी मनात हॉट एअर गन आधीच घेतलेली असते. मी म्हणतो, ती नंतर घ्या, आधी स्वतः एक स्टेन्सिल करा. शेजारच्या दोन पायांत झालेला ब्रिज, कोरडा जोड, एका टोकावर उभा राहिलेला रेझिस्टर, यांचं मूळ बऱ्याचदा पेस्टच्या छपाईत असतं. पेस्ट म्हणजे सोल्डरच्या बारीक गोळ्या आणि फ्लक्स (जोड स्वच्छ करणारं रसायन) यांचा लेप; तो छापून, वर भाग ठेवून तापवला की जोड होतो. आणि पॅडवर, म्हणजे भागाचा पाय जिथे जोडायचा त्या बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यावर, पेस्ट किती पडणार हे स्टेन्सिल ठरवते.

स्टेन्सिल म्हणजे पॅडच्या जागी भोकं पाडलेला पातळ पत्रा. भोकाचं क्षेत्रफळ गुणिले पत्र्याची जाडी, एवढी पेस्ट आपल्याला हवी असते. पण पत्रा उचलताना पेस्टनं भोकाच्या भिंती सोडून पॅडला धरलं पाहिजे. त्यासाठी भोकाचं क्षेत्रफळ भागिले भिंतींचं क्षेत्रफळ हे गुणोत्तर साधारण ०.६६ च्या वर लागतं. ०.३ मिमीचं चौकोनी भोक घ्या. ०.१ मिमीच्या शीटमध्ये गुणोत्तर ०.७५ येतं, पेस्ट सुटते. तेच भोक ०.१५ मिमीच्या शीटमध्ये पाडलं तर ०.५ येतं आणि बरीच पेस्ट भोकातच अडकून राहते. वहीत एकदा हे गणित हातानं सोडवाच. एसएमटी लाइनवर, म्हणजे कारखान्यात एसएमडी बोर्ड बनवणाऱ्या यंत्रांच्या रांगेत, पेस्ट छापणाऱ्या प्रिंटरजवळ उभं राहायचं असेल तर ते तोंडपाठ हवं.

कारखान्यात स्टेनलेस स्टीलचा, लेझरनं कापलेला पत्रा असतो. घरी मी पारदर्शक ओएचपी शीट वापरतो. ती साधारण ०.१ मिमीची मिळते, आणि आरपार दिसत असल्यानं पॅडवर बसवायला सोपी जाते. काही जण कोल्ड्रिंकच्या कॅनचा ॲल्युमिनियमचा पत्रा फेरिक क्लोराइडमध्ये खोदतात. पत्रा छान होतो, पण ॲल्युमिनियमवर ते द्रावण फार जोरात चालतं, तापतं, वाफा येतात. नवख्यानं त्या वाटेला जाऊ नये.

कापायला घरी यंत्र हवंच असं नाही. गाड्यांचे स्टिकर करणाऱ्या रेडियमवाल्याकडे कटिंग प्लॉटर, म्हणजे पात्यानं आकार कापणारं यंत्र, असतो. तालुक्याच्या गावीही एखादा सापडतोच. बोर्डाचा आराखडा करायच्या कायकॅड या सॉफ्टवेअरमधून पेस्टचा थर एसव्हीजी किंवा डीएक्सएफ फाइलमध्ये काढून न्या. भोकं पॅडपेक्षा सुमारे दहा टक्के लहान ठेवा. बाजूला ५० मिमीचा एक चौकोन काढून ठेवा आणि कापल्यावर तो पट्टीनं मोजा, कारण फाइल उघडताना माप बदलण्याचा धोका असतो. पातं कोपऱ्यावर वळताना कोपरा गोल करतं, म्हणून भोकाच्या चारही बाजू सुट्या रेषा म्हणून दिल्या तर काप स्वच्छ येतो. आमच्या भागातला रेडियमवाला आता स्वतःच विचारतो, "साहेब, दाब कमी ठेवून दोनदा फिरवू का?" तेच बरोबर आहे. एका दमात खोल कापायला गेलं की शीट ओढली जाते.

छपाईसाठी बोर्डाच्या कडेनं त्याच जाडीचे, म्हणजे बहुधा १.६ मिमीचे, रद्दी पीसीबी (सर्किट बोर्ड) काटकोनात चिकटवा. बोर्ड त्या कोपऱ्यात बसला की हलत नाही. स्टेन्सिलची एकच कड टेपनं चिकटवा, म्हणजे ती बिजागरीसारखी उघडते. पेस्टची बोटभर वळी कडेला ठेवा, जुनं एटीएम कार्ड ४५ ते ६० अंशांत धरा आणि एकाच हातानं, एकाच दिशेनं ओढा. परत फिरवू नका. मग शीट हळूच उचला आणि भिंगातून बघा: पॅडवर सपाट माथ्याची, कडा उभ्या असलेली वीट दिसली पाहिजे. मोठ्या पॅडवर मधेच खळगा दिसला तर कार्डावर दाब जास्त पडलाय. कडेनं पेस्ट पसरली असेल तर शीट बोर्डाला नीट टेकलेली नव्हती. पुसा, आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) धुवा, पुन्हा ओढा. ही नजर तयार होणं हेच खरं शिक्षण आहे, आणि ती आयत्या स्टेन्सिलवर इतक्या लवकर तयार होत नाही.

आपल्याकडचा उन्हाळा मात्र पेस्टचा वैरी आहे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये चाळिशीपार गेलेल्या हवेत फ्लक्स पातळ होतो, छापलेली वीट ढासळते आणि डबीतली पेस्ट वाळते. छपाई सकाळी उरका. पेस्ट फ्रिजमध्ये साधारण २ ते १० अंशांत ठेवतात. बाहेर काढल्यावर डबी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर हवेतली वाफ पेस्टवर धरते आणि तापवताना ती तडतडून बारीक गोळ्या उडतात. शिकताना ६३/३७ ची (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) पेस्ट बरी, ती १८३ अंशांना वितळते. एसएसी ३०५ या शिसेविरहित पेस्टला २१७ च्या वर जावं लागतं. पण ६३/३७ मध्ये शिसं आहे. घरच्या खाण्याच्या फ्रिजमध्ये ती ठेवू नका, हात साबणानं धुवा, लहान मुलांना लांब ठेवा. आणि शीट लेझरवर कापून घेणार असाल तर ती पीव्हीसीची नाही याची आधी खात्री करा. पीव्हीसी जळताना विषारी वायू सोडतं.

०८०५ मापाचे (सुमारे २ मिमी लांबीचे) रेझिस्टर, १.२७ मिमी पिचचे (शेजारच्या दोन पायांच्या मध्यांत एवढं अंतर असलेले) आयसी, म्हणजे पंपाच्या स्टार्टरचा किंवा ठिबकच्या टायमरचा बोर्ड, एवढं या शीटवर निर्धास्त करा. ०.५ मिमी पिचचा आयसी आला की दोन भोकांमधली पट्टी जेमतेम ०.२ मिमी उरते आणि रेडियमच्या पात्याखाली ती फाटते. तिथे स्टीलची मागवा, आणि मागवताना जाडी दुकानदारावर न सोडता स्वतः गणित करून सांगा.